आठशे बाय सहाशे

दसऱ्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी मी लॅबचं कुलूप काढलं, चोवीस कॉम्प्युटर सुरू केले, आणि चोवीसच्या चोवीस पडद्यांवर लिनक्स मधोमध एवढंसं होऊन बसलेलं दिसलं. चारी बाजूंनी काळं, मध्ये एक चौकोन. परातीत एकच पुरी ठेवावी तसं. पहिलं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. तेच. दुसरं, तिसरं, चौथं, सगळीकडे तेच. पाचव्या मशीनपाशी पोहोचेपर्यंत माझ्या मनात एका माणसाचा चेहरा येऊन उभा राहिला होता. माझं हे असंच आहे. नळाला पाणी आलं नाही तर लोक टाकीकडे बघतात, मी शेजाऱ्याकडे बघतो.

अमरावतीतल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवतो. आमच्या लॅबमध्ये विंडोजच्या पोटात लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा, नकली कॉम्प्युटर. बाहेरचा यजमान आणि आतला पाहुणा. पाहुण्याला स्वतःचा पडदा नसतो. यजमान जेवढी खिडकी उघडून देईल तेवढी त्याची जागा. खिडकी मोठी केली की त्याने आपोआप मोठं व्हायचं असतं. तो त्या दिवशी होत नव्हता. आठशे बाय सहाशे ठिपक्यांवर अडून बसला होता आणि सेटिंगमध्ये दुसरा कुठलाही आकार दाखवायला तयार नव्हता.

एरवी मी चिडलो असतो आणि विसरलो असतो. पण प्रॅक्टिकल परीक्षा आठ दिवसांवर आली होती. मुलं ज्या खिडकीत प्रोग्राम लिहून जमा करतात, तिचं जमा करण्याचं बटन अगदी तळाशी असतं, आणि हा तळ आता पडद्याच्या बाहेर गेला होता. बाहेरून परीक्षक येणार, आणि मुलं लिहिलेलं जमा करू शकत नाहीत हे बघणार.

चेहरा मनात आला तो आमच्या लॅबच्या तंत्र सहायक मॅडमचा. त्या अकोल्याच्या. रोज सकाळी गाडीने बडनेऱ्याला उतरायच्या, तिथून ऑटोने कॉलेजात. लॅब त्यांनीच उभी केलेली. पाहुण्यातलं लिनक्स, त्याच्या चोवीस प्रती, सगळं त्यांच्या हातचं. नोकरी मात्र कंत्राटी. दरवर्षी दिवाळीनंतर कंत्राट पुढे चालवायचं की नाही ते ठरे, आणि ते ठरे माझ्या अहवालावर. घरात दोन शाळकरी मुली, सासूबाई, आणि नवऱ्याचं काम कधी असे कधी नसे. म्हणजे माझ्या एका कागदावर त्या घराचं वर्ष अवलंबून होतं. हे मला नीट माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

संशयाला कारण होतं, निदान मला तरी ते कारण वाटलं. आमच्या लॅबचा एक रिवाज होता. तास संपला की पाहुण्याला आम्ही बंद करत नसू. आहे त्या अवस्थेत झोपवून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी उठवायचं. मुलांना अर्धवट प्रोग्राम जिथल्या तिथे मिळे, आणि वीज जायच्या आत आवरून होई. नियम माझाच. वर्षातून एकदाच हे पाहुणे खरोखर बंद होत, ते खंडेनवमीला. त्या दिवशी मॅडम सगळी मशीन पुसून काढत, कीबोर्ड उलटे करून झटकत, हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत. पूजेला मांडलेलं यंत्र झोपलेलं चालत नाही, पूर्ण बंद पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग दसरा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

तेव्हा माझा हिशेब सोपा होता. नवमीच्या आदल्या दिवशी पडदे ठीक होते. नवमीला चोवीसही मशीनला हात लागला तो एकट्या त्यांचा. दसऱ्यानंतर पडदे बिघडले. मध्ये लॅबला कुलूप, किल्ल्या दोनच, एक माझ्या खिशात. अजून काय पुरावा पाहिजे?

आणि त्यांना तसं करायला कारणही होतं. ऑगस्टमध्ये त्यांची गाडी उशिरा आली, लॅब बंद राहिली, तेव्हा मी त्यांना मुलांसमोर बोललो होतो. जरा जास्तच बोललो होतो. त्या काहीच म्हणाल्या नव्हत्या. न बोलणाऱ्या माणसाची मला नेहमीच भीती वाटते, कारण मी गप्प असतो तेव्हा मनात काय चाललेलं असतं ते मला ठाऊक आहे.

त्या दिवशी पहिला तास घेऊन मी परत आलो तर मॅडम सात नंबरच्या मशीनवर बसलेल्या. मला बघून त्यांनी एक खिडकी बंद केली आणि वही मिटली.

"सर, सगळ्याच मशीनचं असं झालं हाय," त्या म्हणाल्या. "म्या पाहू का जरा?"

"तुम्ही पाहिलंय तेवढं पुरे आहे," मी म्हणालो. "मी बघतो."

त्या उठल्या. वही पिशवीत टाकली. खाई त्याला खवखवे, असं मी मनातल्या मनात म्हणालो आणि मला बरं वाटलं.

पुढचे तीन दिवस मी त्या चौकोनाशी झगडलो. यजमानाच्या बाजूने पाहिलं तर पाहुण्याला दिलेली पडद्याची मेमरी अगदीच थोडी होती. सोळा! चोवीसही मशीनवर सोळा एमबी! मी डायरीत लाल शाईने लिहिलं, 'मेमरी कमी केली.' ती वाढवून एकशे अठ्ठावीस केली, पडदा तसूभर हलला नाही. सोळा ही पहिल्या दिवसापासूनची होती हे मला पुढे कळलं; पण डायरीतली लाल ओळ तशीच राहिली. मग टर्मिनल नावाच्या खिडकीत हुकूम टाइप करून नवीन आकार घालून पाहिला. लिनक्सने उत्तर दिलं की असा आकार मला जमत नाही. खिडकी ताणून मोठी करायचा पर्याय निवडला, तर अक्षरं फुगून भुईमुगाच्या शेंगांएवढी झाली आणि बटन तळाशीच राहिलं. त्यात माऊसचा बाण पाहुण्याच्या खिडकीत गेला की अडकून बसू लागला, बाहेर निघेना. बाहेर कॉपी केलेलं आत चिकटेना. आधी हे सगळं सुरळीत चालायचं. आता एक नाही, तीन बिघाड झाले होते. मी लाल शाईने तिन्ही लिहिले, वेगवेगळे, एक, दोन, तीन. तिन्हींचं मूळ एकच असेल, हे शिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात यायला हवं होतं. पण एका कारणाने तीन गोष्टी झाल्या असं म्हटलं की गुन्हा लहान होतो, आणि मला तो मोठा हवा होता.

मुलांनी आपली वाट काढली होती. आल्ट दाबून खिडकी वर ओढायची, बटन दिसलं की दाबायचं. मला तेही खटकलं. हे त्यांना कोणी शिकवलं? मॅडमनीच शिकवलं होतं. मदत म्हणून. मी ते चौथ्या क्रमांकावर लिहिलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. ती मोर्शीकडची, बोलताना कोणाची भीड ठेवत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"त्या बाईनं कावून केलं असन असं? तिच्याच हातची लॅब ना थे? आपल्या हातानं मांडलेला संसार कोनी मोडते का?"

"म्हणूनच तिला माहीत, कुठे काय बिघडवायचं."

"तुमाले न, कारन नाई सापडलं का मानूस सापडते," ती म्हणाली. "मागच्या वर्षी वरूडहून संत्र्याची पेटी आली, त्यात खाली दोन सडके निघाले. तर तुमी माह्या भावावर गेले. पेटी तीन दिवस उन्हात कोनी ठेवली होती?"

पेटी मीच ठेवली होती. पण या दोन गोष्टींचा काय संबंध, असं म्हणून मी टीव्ही लावला.

चौथ्या दिवशी विभागप्रमुखांनी बोलावलं. ते फार सावध गृहस्थ. "परीक्षेला पाच दिवस आहेत, सर. जबाबदारी कोणाची ते मला लेखी द्या," ते म्हणाले. "तोंडी मी काही ऐकत नसतो."

मी लेखी दिलं. डायरीतले चारही मुद्दे दिले. 'खंडेनवमीच्या पूजेच्या निमित्ताने तंत्र सहायक यांनी सर्व यंत्रे एकट्याने हाताळली असून त्यानंतर यंत्रणेत एकाच वेळी अनेक बिघाड निर्माण झाले आहेत. हे निष्काळजीपणाने झाले की हेतुपुरस्सर, हे तपासणे आवश्यक आहे. तोवर त्यांच्या कंत्राटाचा विचार होऊ नये.' भाषा माझी चांगली आहे. कागद वाचून विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला आणि मॅडमना लॅबमध्ये यायचं नाही असं सांगून टाकलं. मॅडमनी उरलेल्या दिवसांची रजा लिहिली आणि त्या दुपारच्याच गाडीने अकोल्याला गेल्या. जाताना त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मी ती मोजून घेतल्यासारखी हातात घेतली. एक किल्ली, ती काय मोजायची होती!

पडदे मात्र तसेच. शनिवारी मला आठवलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅडमनी पाहुण्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घरी नेली होती, मलाच सांगून नेली होती. ती प्रत परत घालता आली असती तर परीक्षा निभावली असती. आणि दुसरंही आठवलं, म्हणजे मीच आठवून घेतलं: कॉलेजची प्रत हिच्या घरी का? रविवारी सकाळी मी अकोल्याची गाडी धरली. फोन न करता. बेसावध गाठावं म्हणून.

दार सासूबाईंनी उघडलं. मी कॉलेजातून आलो म्हटल्यावर त्यांनी आत वळून विचारलं, "हेच का थे सर?"

"हो, हेच," मॅडमचा आवाज आला.

त्या पुढच्या खोलीतच होत्या. टेबलावर लॅपटॉप उघडा, बाजूला ती वही. मुली शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या. आमच्याकडे बघत होत्या आणि बघत नसल्याचं दाखवत होत्या. मी डिस्क मागितली. त्यांनी ती लगेच समोर ठेवली, कापडी पिशवीत गुंडाळलेली.

"नेजा. पन पयले बसा," त्या म्हणाल्या. "एक गोष्ट दाखवतो अन् मग जा. दहा मिनिटं लागतीन."

मी बसलो. त्यांनी लॅपटॉपवर ती सुट्टीतली प्रत सुरू केली. लिनक्स पूर्ण पडदाभर पसरलं. माऊस मोकळा, सगळं ठीक.

"हे जूनमधलं. आता याच्यावर मी अपडेट टाकतो. आपल्या लॅबच्या मशीनवर जे पडले थेच."

अपडेट चाललं तोवर सासूबाईंनी चहा आणला. मी बशीत ओतून प्यालो. अपडेट संपलं. खाली एक सूचना आली: मशीन पुन्हा सुरू करा, आत्ता की नंतर?

"स्क्रीन पाहा सर. लहान झाली का?"

"नाही. पूर्ण आहे," मी म्हणालो. जिंकल्यासारखं वाटलं. "मग अपडेटचा काय संबंध?"

"आता फिरून सुरू करा. तुमच्या हातानं."

मी बटन दाबलं. पडदा काळा झाला, अक्षरं वाहिली, आणि मधोमध तो चौकोन येऊन बसला. आठशे बाय सहाशे. माऊसचा बाण आत नेला तर अडकला.

मॅडम सावकाश बोलत होत्या, मुलांना समजावतात तशा. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, अपडेटमध्ये बदलतो. पण नवा कर्नल तेव्हाच कामाला लागतो जेव्हा मशीन खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू होतं. झोपवून उठवलं तर जुनाच चालू राहतो. पाहुण्याला यजमानाचा पडदा किती मोठा ते कळवणारे, माऊस मोकळा ठेवणारे, कॉपी केलेलं आतबाहेर नेणारे जे छोटे प्रोग्राम असतात, गेस्ट टूल्स, ते त्या त्या कर्नलसाठी बांधलेले असतात. नवा कर्नल आला आणि टूल्स नव्याने बांधली नाहीत, की पाहुणा आंधळा.

"आपले मशीन तीन मयने झोपत-उठत राहिले सर. नवा कर्नल आत येऊन बसला होता, पन त्याची पाळीच येत नव्हती. नवमीले म्या बंद केले अन् त्याची पाळी आली. बंद करनं माहं होतं, हे खरं हाय."

"आणि अपडेट?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

त्यांनी वही उघडून माझ्याकडे फिरवली. लिनक्स प्रत्येक अपडेटची नोंद ठेवतं, आणि त्या नोंदीत कोणाच्या नावाने हुकूम दिला तेही असतं. सात नंबरच्या मशीनवरची ती नोंद त्यांनी बॉलपेनने उतरवून घेतली होती. जुलैमधली तारीख. खाली माझं लॉगिन.

मग मला सगळं आठवलं. त्या दिवशी कॉलेजचं इंटरनेट चांगलं चाललं होतं. मॅडम रजेवर होत्या. मी एकाच हुकुमाने चोवीसही मशीन अपडेट केली होती आणि त्याचा मला गर्व वाटला होता. चोवीस वेळा 'आत्ता की नंतर' विचारलं गेलं होतं. चोवीस वेळा मी 'नंतर' दाबलं होतं.

"तुम्हाला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"म्या म्हटलं ना, पाहू का. तुमी पाहू देल्लं का? अन् तुमचं नाव घेतलं असतं, तर तुमी म्हटलं असतं, आपलं पाप दुसऱ्यावर ढकलून राहिली. म्हनून म्हटलं, घरी फिरून करून पाहू. पक्कं झालं का मंग बोलू." त्यांनी वही आपल्याकडे ओढून घेतली. "तोवर तुमी लिहून देल्लं होतं."

मला खाली बघवेना आणि वरही बघवेना. दुसऱ्या खोलीतल्या मुलींनी आता अभ्यासाचं सोंगही सोडलं होतं. सासूबाई कप न्यायला आल्या, आणि माझ्या कपाला हात लावायच्या आधी त्यांनी सुनेकडे बघितलं. मला लाज वाटली. साधी, सरळ, अंगभर लाज. मी माफी मागितली. त्या "बरं" म्हणाल्या. "असू द्या" नाही म्हणाल्या.

सोमवारी त्या आल्या. दोघांनी मिळून चोवीस मशीनवर टूल्स नव्याने बांधली. त्या हुकूम देत होत्या, मी मशीन बंद करून सुरू करत होतो. पडदे एकेक करून भरले. परीक्षा झाली, परीक्षकांना काही कळलंही नाही.

राहिला कागद. तो परत मागायला गेलो तर विभागप्रमुख म्हणाले, "तो तर वर संस्थेच्या ऑफिसात गेला. आता परत कसा येईल? दुसरा लिहा." मी स्टाफरूममध्ये बसून लिहिला. 'तांत्रिक कारणामुळे उद्भवलेल्या परिस्थितीत काही गैरसमज झाला.' वाचलं आणि माझाच मला राग आला. पहिल्या कागदात तंत्र सहायकाचं नाव होतं, आणि या कागदात माणूसच कुठे नव्हता! फाडला. दुसऱ्यांदा लिहिला: 'बिघाडाचे कारण मी केलेले अपडेट होते. मी चौकशी न करता आरोप केला. तो चुकीचा होता.' तीन वाक्यं. पहिल्या कागदाचं पूर्ण पान पाऊण तासात भरलं होतं. या तीन वाक्यांना दुपार गेली. विभागप्रमुखांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "एवढं लिहिण्याची गरज आहे का, सर?" मी म्हणालो, आहे.

दिवाळीनंतर कंत्राट पुढे चालू झालं. मी सुटलो असं समजलो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं झालं बाप्पा," आणि विषय संपला.

पण लॅबमध्ये एक नवी रीत सुरू झाली आहे. संध्याकाळी मुलं गेली की मॅडम पाहुण्यांना एकेक करून पूर्ण बंद करतात आणि लगेच पुन्हा सुरू करतात. पडदा भरला की मोबाईलने त्याचा फोटो काढतात. एक नंबर, दोन नंबर, असे चोवीस फोटो, तारीख-वेळेसह. मग यजमान बंद करून बडनेऱ्याला जायचा ऑटो धरतात. पहिल्या आठवड्यात मी हसून विचारलं, "मॅडम, हे कशासाठी?"

त्यांनी मोबाईल खाली न घेताच सांगितलं. "उद्या काई झालं तर माह्यापाशी असावं म्हनून."

मी कोणावरही शंका घ्यायला मोकळा होतो, कारण माझी नोकरी पक्की होती. त्यांना शंका घ्यायला मी शिकवलं, आणि त्यांनी ती माझ्यापेक्षा नीट शिकून घेतली. माझ्याकडे लाल शाईची डायरी होती. त्यांच्याकडे रोजचे चोवीस फोटो आहेत. एकाही फोटोत मी काही खोट काढू शकणार नाही.

आता रोज संध्याकाळी मीही थांबतो. काही काम नसतं, पण निघून जाणं बरं वाटत नाही. काल सात नंबरच्या मशीनपाशी उभा होतो. त्यांनी मोबाईल वर धरला आणि पुन्हा खाली घेतला.

"सर, जरा बाजूले सरा," त्या म्हणाल्या. "स्क्रीन झाकून राहिले तुमी."

मी बाजूला सरलो.